गोळी मेडिकलमध्ये मिळते, थेरपी कुठे मिळते?

आपल्याकडे अँग्झायटीचा विषय निघाला की पाच मिनिटात वाद एकाच मुद्द्यावर येऊन अडकतो, गोळ्या घ्यायच्या की नाही. एक पार्टी म्हणते गोळ्यांची सवय लागते, माणूस सुस्त होतो, त्यापेक्षा प्राणायाम कर, सकाळी चालायला जा, मन खंबीर कर. दुसरी पार्टी म्हणते शुगरची गोळी आयुष्यभर घेता तेव्हा काही वाटत नाही, मग हीच का टोचते. दोघंही तावातावाने बोलतात, दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे, पण मला विचाराल तर भांडणच चुकीच्या जागी चाललंय. तीव्र अँग्झायटीवर ज्या उपचाराचा गुण सगळ्यात जास्त टिकतो तो उपचार, म्हणजे सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), शिकवावा लागतो, पेशंटला समोर बसवून आठवडे न् आठवडे शिकवावा लागतो, आणि तो शिकवणारा माणूस आपल्या बहुतेक तालुक्यांत नाहीच. जे मिळतच नाही त्याच्यासाठी कोण भांडणार? म्हणून मग जे मेडिकलमध्ये मिळतं त्याच्यावरच आपण भांडत बसतो.

आधी एक क्लिअर करू. तीव्र अँग्झायटी म्हणजे टेन्शन नव्हे. टेन्शन परीक्षेचं असतं, ईएमआयचं असतं, कारण गेलं की जातं. इथे कारण गेलं तरी शरीर ऐकत नाही. रात्री दोनला अचानक छातीत धडधड, हाताला मुंग्या, श्वास पुरत नाही, आता मेलोच असं वाटतं, घरचे घाबरून रिक्षात घालून हॉस्पिटलला नेतात, तिथे ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, आणि मग तो फेमस डायलॉग, "तुम्हाला काही झालेलं नाहीये, टेन्शन घेऊ नका." आता पहिल्यांदा या टेस्ट करायलाच हव्यात, त्याबद्दल तक्रार नाही, हार्ट आणि थायरॉईड बघितल्याशिवाय कुणी पॅनिक (म्हणजे असा अचानक उसळणारा भीतीचा अटॅक) म्हणू नये. पण रिपोर्ट नॉर्मल आल्यावर पुढे काय, हे सांगणारं तिथे कुणी नसतं. पेशंट घरी येतो, महिन्याभरात पुन्हा तेच, मग दुसरं हॉस्पिटल, पुन्हा ईसीजी. हृदयाच्या डॉक्टरकडे जाऊन जाऊन फाईल जाड होते आणि मनाच्या डॉक्टरकडे पाऊल पडत नाही, कारण "येरवड्याला पाठवा याला" हा आपल्याकडे अजूनही जोक आहे.

आणि अटॅकपेक्षा वाईट असतं ते अटॅक परत येईल या भीतीने जगणं आकसत जाणं. बाई देवळात जायचं सोडते कारण गर्दी, मग बाजारात जायचं सोडते, मग लग्नकार्य टाळते, आणि घरातले म्हणतात हिचे नखरे. पुरुष ऑफिसच्या मीटिंगआधी किंवा घरी परतताना एक क्वार्टर मारायला लागतो, त्याला दारूडा म्हणतात, त्याच्या मागची भीती कुणाला दिसत नाही. कुणाला सतत, दिवसभर, सगळ्याचीच काळजी, मुलगा शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की डोळ्यासमोर अपघात. हे सगळे लोक 'जरा जास्त विचार करणारे' म्हणून आपल्या आजूबाजूला असतात. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अंदाज जगात ३० कोटी लोकांना अँग्झायटीचे आजार असल्याचा आहे, आणि त्यातल्या साधारण चौघांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. कसलातरी हा शब्द महत्त्वाचा, कारण तो कसला हेच तर बघायचंय.

आता गोळ्यांकडे येऊ, कारण 'गोळ्या' म्हणून आपण ज्या एका ढिगात टाकतो त्यात दोन पूर्ण वेगळ्या जाती आहेत आणि सगळा घोळ तिथेच होतो.

पहिली जात म्हणजे एसएसआरआय (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या), एसिटालोप्राम, सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन वगैरे. या गोळ्या हळू चालतात. फरक पडायला दोन आठवडे, चार आठवडे, कधी सहा. आणि गंमत अशी की (गंमत कसली, वैतागच) पहिल्या आठवडा-दोन आठवड्यात काही जणांची अस्वस्थता उलट वाढते, मळमळतं, झोप उडते. म्हणून डॉक्टर कमी डोसपासून चालू करतात. पण ओपीडीत साठ पेशंट लायनीत असताना हे सांगायला दोन मिनिटं कुणाकडे नसतात, मग पेशंट चौथ्या दिवशी म्हणतो या गोळीने तर जास्तच त्रास झाला, गोळी बंद, आणि पुढची पाच वर्षं सगळ्यांना सांगत सुटतो की सायकियाट्रिस्टच्या गोळ्यांनी मी अजून बिघडलो. बरं, ज्यांना गुण येतो ते बरं वाटल्या वाटल्या सोडतात. ही गोळी बरं वाटल्यावरही पुढे काही महिने चालू ठेवायची असते आणि मग डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करायची असते, एकदम सोडली तर चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. त्याला मग लोक म्हणतात बघा, सवय लागली.

सवय लागते ती दुसऱ्या जातीची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम. या जातीतली सगळ्यात पहिली गोळी १९६० मध्ये बाजारात आली, म्हणजे औषध काही नवीन नाही. अर्ध्या-पाऊण तासात धडधड थांबते, मान सैल पडते, माणूस झोपतो. ज्याने महिनाभर झोप बघितली नाही त्याला हे अमृत वाटणार, साहजिक आहे, आणि एखाद्या भयंकर आठवड्यात डॉक्टरने थोड्या दिवसांसाठी दिली तर त्यात काही चूक नाही. प्रश्न थोड्या दिवसांनंतरचा आहे. जगभरच्या गाइडलाइन्स म्हणतात ही गोळी काही आठवड्यांपुरतीच. आपल्याकडे वर्षानुवर्षं चालते. हळूहळू तेवढ्याने भागेनासं होतं, सोडायला जावं तर भीती दुप्पट होऊन परत येते, आणि मोठा डोस अचानक बंद केला तर फिटसुद्धा येऊ शकते. दारूबरोबर घेतली तर श्वासावर परिणाम होतो. म्हाताऱ्या माणसांना तोल जाऊन पडण्याचा धोका. अमेरिकेच्या औषध खात्याने २०२० मध्ये या सगळ्या गटावर सवय आणि विथड्रॉवलबद्दलचा सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. (हे वाचून कुणी आज रात्रीपासून गोळी बंद करू नका प्लीज. वर्षभर घेत असाल तर ती उतरवायलाही डॉक्टरच लागतो, आणि हळूच उतरवावी लागते.)

कायदा नाही असं नाही. २०१३ मध्ये केंद्र सरकारने शेड्यूल एच-वन ही कडक नियमांनी विकायच्या औषधांची यादी आणली, त्यात अल्प्राझोलाम, डायझेपाम आहेत. म्हणजे मेडिकलवाल्याने वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या हे लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. आता तुम्हीच सांगा, तुमच्या नाक्यावरच्या मेडिकलमध्ये हे होताना तुम्ही कधी पाहिलंय? जुनी चिठ्ठी, घडी पडून चार ठिकाणी फाटलेली, ती काउंटरवर ठेवली की गोळ्यांची पट्टी मिळते. काही ठिकाणी चिठ्ठीही लागत नाही, "ती झोपेची द्या, आईची नेहमीची" एवढं पुरतं.

त्यातही आपला खास देशी प्रकार म्हणजे दोन्ही जाती एकाच गोळीत. एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र केलेली गोळी आपल्याकडे इतकी कॉमन आहे की अनेक फॅमिली डॉक्टर अँग्झायटी म्हटलं की तीच लिहितात. यात लॉजिक काय, तर हळू चालणारं औषध लागू पडेपर्यंत दुसऱ्याने आराम. ठीक. पण मग महिन्याभराने क्लोनाझेपाम थांबवून एसिटालोप्राम पुढे चालू ठेवायचं असतं तेव्हा काय करणार? गोळी तर एकच आहे, अर्धी मोडली तर दोन्ही अर्धी होतात. आणि पेशंटला तर माहीतच नसतं की आपण दोन औषधं घेतोय, तो म्हणतो मी फक्त एकच गोळी घेतो, साधी. याच्यामुळे काय होतं बघा, जी गोळी चांगली ती दुसरीच्या संगतीने बदनाम होते आणि जी गोळी महिन्याभरात जायला हवी ती पाहुणी घरजावयासारखी बसून राहते. माझ्या मते या एका कॉम्बिनेशनवर राज्याच्या पातळीवर नीट चर्चा झाली तरी बराच फरक पडेल, पण गुटख्याच्या बातमीला जेवढी जागा मिळते तेवढी याला मिळत नाही.

आता तो शिकवायचा उपचार. सीबीटी हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण त्यात नक्की काय करतात विचारलं तर "बोलतात, समजावतात, पॉझिटिव्ह विचार करायला सांगतात." हे साफ चुकीचं आहे. समजावणं फुकटात घरातले सगळेच करतात, त्याने कुणी बरं झाल्याचं मी पाहिलेलं नाही. महाराष्ट्राला तर हे नवीन असायला नको, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची, सीबीटीच्याच घराण्यातली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी इथे रुजवली, विचार बदलला की भावना बदलते हे आपण मराठीत कित्येक वर्षं वाचतोय. पण तीव्र अँग्झायटीत नुसता विचार बदलून भागत नाही, शरीराला पुरावा द्यावा लागतो. ज्याची भीती वाटते तिथे, ठरवून, पायरी पायरीने जायचं आणि पळून न जाता तिथेच थांबायचं, भीती चढू द्यायची, शिगेला पोचू द्यायची आणि ती आपोआप उतरते हे स्वतः अनुभवायचं.

माझ्या आत्तेभावाचं उदाहरण देतो, त्याला विचारूनच लिहितोय, नाव नको म्हणाला. डोंबिवलीत राहतो, ऑफिस फोर्टला. ट्रेनमध्ये अटॅक आला आणि त्यानंतर फास्ट लोकल बंद, कारण बहुतेक फास्टमध्ये डोंबिवली सोडली की ठाण्यापर्यंत उतरायला मिळत नाही. मग स्लो. स्लोमध्येही दारातच उभा, बॅगेत पाण्याची बाटली, खिशात अल्प्राझोलामची पट्टी. गोळी रोज घ्यायचाही नाही, पण पट्टी घरी विसरली तर पुढच्याच कोपर स्टेशनला उतरून परत यायचा. हे स्लो लोकल, दार, बाटली, पट्टी सगळं त्याला आधार वाटत होतं आणि तेच त्याला आजारी ठेवत होतं, कारण प्रत्येक वेळी डोकं हिशोब मांडायचं की आज वाचलो ते या पट्टीमुळे.

थेरपिस्टने त्याला पहिल्या काही भेटीत ट्रेनचं नावसुद्धा काढू दिलं नाही. खोलीतच खुर्चीवर गरागरा फिरायला लावलं, बारीक स्ट्रॉमधून एक मिनिट श्वास घ्यायला लावला, जिन्यावरून पळत वर जायला लावलं. का, तर चक्कर, धाप, धडधड या गोष्टी मुद्दाम आणता येतात आणि त्या आल्या म्हणून माणूस मरत नाही हे त्याच्या शरीराला कळावं म्हणून. मग दुपारी रिकाम्या वेळेला प्लॅटफॉर्मवर नुसतं उभं राहायचं. मग कोपरपर्यंत, मग त्यापुढच्या दिवा स्टेशनपर्यंत, दारात नाही, आत, सीटवर. मग पट्टी घरी ठेवून. मग फास्ट, दुपारची. गर्दीची सकाळची फास्ट सगळ्यात शेवटी. मधे दोनदा तो सोडून बसला, वहिनीशी भांडला, थेरपिस्टला फसवी म्हणाला. सोबत सर्ट्रालीन चालू होतीच, तिच्याशिवाय तो त्या प्लॅटफॉर्मपर्यंतसुद्धा पोचला नसता असं तो स्वतः म्हणतो. आता जातो रोज. अजूनही कधी धडधडतं, ते त्याला आवडत नाही, पण उतरत नाही.

यात मला जे सांगायचंय ते असं की यातलं काहीही रॉकेट सायन्स नाही. स्ट्रॉ, खुर्ची, जिना, तिकीट. पण कधी काय करायचं, किती करायचं, कुठे थांबायचं नाही हे माहीत असणारा माणूस लागतो, आणि तो दर आठवड्याला पाऊण-एक तास भेटावा लागतो. त्याला तो मिळाला कारण तो बँकेत आहे, भेटीचे दीड-दोन हजार देऊ शकत होता, आणि ठाण्या-मुंबईत असे लोक आहेत तरी. तो जर परतूरला किंवा सिरोंच्याला असता तर? पट्टी खिशात, बस.

इथे प्राणायामवाल्यांचं पण बोलून घेऊ कारण कमेंट येणारच. योग चांगला आहे. अमेरिकेत काळजीच्या आजारावर एक ट्रायल झाली, २०२० मध्ये छापून आली, त्यात योग करणाऱ्यांपैकी सुमारे ५४ टक्क्यांना फरक पडला, सीबीटीवाल्यांपैकी सुमारे ७१ टक्क्यांना, आणि नुसती ताणतणावाची माहिती दिलेल्यांपैकी ३३ टक्क्यांना. म्हणजे योग काहीच न करण्यापेक्षा नक्की बरा, आणि सीबीटीपेक्षा कमी. मग करा की योग, कुणी अडवलंय, पण जी बाई सहा महिने घराबाहेर पडलेली नाही तिला अनुलोम-विलोम सांगून मोकळं होणं हा उपचार नाही, टोलवाटोलवी आहे. आणि पॅनिक आल्या आल्या ते थांबवायला म्हणून श्वास मोजायला लागलात तर तोही खिशातल्या पट्टीसारखाच आधार होऊन बसू शकतो, ही गोष्ट योगशिक्षकांनीही समजून घ्यायला हवी.

मग माणसं आणायची कुठून? नेहमीची मागणी असते सायकियाट्रिस्ट वाढवा. वाढवाच. देशात एक लाख लोकांमागे साधारण पाऊण सायकियाट्रिस्ट असा अंदाज आहे, म्हणजे पूर्ण एक माणूसही नाही, आणि निम्हान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये जो राष्ट्रीय सर्व्हे केला त्यात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेर निघाले. त्या सर्व्हेच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, आपण वेगळे आहोत असं समजायचं असेल तर समजा. आपल्याकडे येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून चालू आहे, जिल्हा रुग्णालयात ओपीडी असते. पण ही सगळी यंत्रणा मुळात स्किझोफ्रेनियासारख्या आजारांचा विचार करून उभी राहिली. ते पेशंट महत्त्वाचे आहेतच. पण अँग्झायटीच्या पेशंटला बेड नकोय, त्याला दर मंगळवारी एक तास हवाय, आणि तो तास सायकियाट्रिस्टने द्यावा अशी अपेक्षा केली तर पुढची पन्नास वर्षं वाट बघावी लागेल.

आणि याचं उत्तर लांब शोधायची गरज नाही, शेजारी गोव्यात आहे. संगाथ या संस्थेने तिथे मानस नावाचा प्रयोग केला, २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. १२ सरकारी आणि १२ खाजगी दवाखाने घेतले, निम्म्या ठिकाणी एक साधा, डॉक्टर नसलेला पण नीट ट्रेनिंग दिलेला काऊन्सेलर बसवला, डिप्रेशन आणि अँग्झायटीचे पेशंट शोधायचे, समजावून सांगायचं, बोलायचं, गरज असेल त्यालाच गोळी, आणि अवघड केसला वरून सायकियाट्रिस्टची मदत. सरकारी दवाखान्यात सहा महिन्यांनी अशा ठिकाणचे सुमारे ६६ टक्के पेशंट बरे झालेले होते, नेहमीच्या पद्धतीत सुमारे ४२ टक्के. खाजगीत मात्र असा फरक दिसला नाही, तेही सांगायला हवं. म्हणजे ज्याला सरकारी दवाखान्याशिवाय पर्याय नाही त्यालाच याचा सगळ्यात जास्त फायदा.

आपल्याकडेही झालंय. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा प्रोग्रॅम झाला, तिथे डिप्रेशनसाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. विषय डिप्रेशनचा होता, पण अँग्झायटी आणि डिप्रेशन अर्ध्या वेळेला एकाच घरात राहतात. नाशिकच्या पेठ तालुक्यात आत्मीयता नावाने गावातल्याच लोकांना मानसिक आधार द्यायला तयार केलं गेलं. सगळे प्रयोग यशस्वी, सगळ्यांचे पेपर छापून आले, परदेशात कौतुक झालं, आणि प्रयोग संपला की बऱ्याचदा निधीही संपतो. मला खरा राग याचाच येतो. पुरावा आपल्या मातीतला आहे आणि अंमल दुसरे करतात. इंग्लंडने २००८ पासून सरकारी खर्चाने हजारो थेरपिस्ट तयार केले, माणूस स्वतः फोन करून नाव नोंदवू शकतो, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, सौम्य त्रासाला आधी सोपा कोर्स आणि त्याने भागलं नाही तर पूर्ण थेरपी. वर्षाला दहा लाखांहून जास्त लोकांना तिकडे पाठवलं जातं. तिथेही वेटिंग आहे, शिव्या देणारे आहेत. पण वेटिंगला लागायला आधी लाईन तर असावी लागते.

याच्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही हलक्यात घेण्यासारखे नाहीत. पहिला, की हे काम शेवटी आशाताईंच्याच गळ्यात पडणार. बरोबर आहे. गरोदर बाई, लसीकरण, टीबी, सर्व्हे, ऑनलाइन नोंदी, सगळं त्यांच्यावर, आणि मानधनासाठी त्यांनाच आझाद मैदानात येऊन बसावं लागतं. त्यांच्यावर अजून एक फॉर्म लादला तर फॉर्म भरला जाईल आणि काम होणार नाही. म्हणून मी म्हणतो आशा नको, वेगळं पद हवं. उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथल्या बारा सेवांच्या यादीत मानसिक आरोग्य आहे, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतो. चार-पाच उपकेंद्रांमागे एक पूर्ण वेळ, पगारी समुपदेशक, ज्याचं काम फक्त हेच, आणि त्याच्यावर महिन्यातून ठराविक वेळा लक्ष ठेवणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. ही देखरेख कापली की सगळं कापलं, कारण ट्रेनिंग विसरतं आणि माणूस पुन्हा समजावण्यावर येतो, "अहो ताई, सोडून द्या, देवावर भरवसा ठेवा."

दुसरा आक्षेप माझ्या एका सायकॉलॉजिस्ट मैत्रिणीचा, ती म्हणते, श्रीमंताला एम.फिल. झालेली थेरपिस्ट आणि गरिबाला दहा आठवड्याचा कोर्स केलेला मुलगा, हा कुठला न्याय? मी तिला म्हटलं सध्या गरिबाला काय आहे? मेडिकलवाला. शहरातही ज्याने दोन वीकेंडचा ऑनलाइन कोर्स केलाय तो काऊन्सेलर म्हणून पाटी लावून हजार रुपये घेतोच आहे, त्याला कोण विचारतंय? निदान सरकारी समुपदेशकाला काय शिकवलं, कुणाच्या देखरेखीखाली काम करतोय, किती पेशंट बरे झाले हे विचारता येईल. ती पूर्ण पटली असं नाही. म्हणाली की गंभीर पेशंट, जो आत्महत्येचं बोलतोय, ज्याला दारूचं व्यसन आहे, तो त्या मुलाच्या हातात ठेवू नका, त्याच दिवशी वर पाठवायची सोय असेल तर मी गप्प बसते. हे शंभर टक्के मान्य.

टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचं कौतुक करायलाच हवं. १० ऑक्टोबर २०२२ ला चालू झालं, १४४१६ नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री दोनला छाती धडधडतेय आणि ईसीजी दोनदा नॉर्मल आलाय अशा माणसाने लावावा असा हा नंबर आहे, तो रिक्षा स्टँडवर, पीएचसीच्या भिंतीवर, मेडिकलच्या काउंटरवर लिहिलेला असायला हवा. पण फोन म्हणजे दार. दारातून आत गेल्यावर खोलीत कुणी नसेल तर?

पैशाचं राहिलं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, उपचार हा हक्क आहे आणि इन्शुरन्स कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायचं. इन्शुरन्सच्या सरकारी नियामकाने २०२२ मध्ये पुन्हा बजावलं. ऐकायला एकदम मस्त. पण आपला बहुतेक इन्शुरन्स ॲडमिट झाल्यावर पैसे देतो. अँग्झायटीचा पेशंट ॲडमिट होत नाही, त्याने होऊही नये, त्याचा सगळा खर्च ओपीडीतला, म्हणजे बरोबरीने वागवूनच त्याच्या हातात शून्य येतं. आमच्या ओळखीतल्या एका बाईंचा क्लेम असाच परत आला, चोवीस तास भरती नव्हती म्हणून. कंपनीने नियम तोडला नाही, नियमच तसा आहे. त्यामुळे 'मानसिक आजार इन्शुरन्समध्ये आला' हे ऐकून खूष होणाऱ्यांनी आधी आपल्या पॉलिसीत ओपीडी आहे का ते बघावं. थेरपीच्या ठराविक भेटींचे पैसे देणं कंपनीला चार वेळा टूडी इको आणि रात्रभर ऑब्झर्व्हेशनचे पैसे देण्यापेक्षा स्वस्तच पडेल असा माझा अंदाज आहे, कुणीतरी हिशोब करून दाखवावा.

मुंबईत पालिकेने 'आपला दवाखाना' नावाचे दवाखाने काढले, कितीतरी कंटेनरमध्ये आहेत, संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे असतात, कामावरून येणारा माणूस जाऊ शकतो. तिथे रक्त तपासतात, बीपी बघतात. आठवड्यातून तीन संध्याकाळी तिथे एक प्रशिक्षित समुपदेशक बसवायला नवीन इमारत लागत नाही, एक खुर्ची, एक पडदा आणि पगार लागतो. आरोग्य खात्याने हे एका वॉर्डात आणि एका आदिवासी तालुक्यात वर्षभर करून बघावं, आणि त्याच वर्षी त्या भागातल्या मेडिकलची एच-वन रजिस्टरं खरंच उघडून बघावीत. थेरपीला माणसं किती आली आणि पट्ट्या किती कमी गेल्या, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की पुढच्या बजेटमध्ये काय मागायचं ते आपल्याला कळेल.